हरताळ, पाने ४१, ४२, २०३

चूक माझीच होती, तेव्हा आधी ती सांगून टाकते.

गेली एकवीस वर्षं मी मुद्रितं तपासते आणि अधूनमधून पुस्तकांच्या सूच्या करते. सूची म्हणजे पुस्तकाच्या शेवटी बारीक टायपात येणारी यादी. असली तर कुणी बघत नाही, नसली तर सगळे करवादतात. मागच्या महिन्यात एका जाडजूड इतिहासग्रंथाची सूची हातात होती. सुरुवातीला हस्तलिखितांवर एक प्रकरण, शेवटाकडे चळवळींवर एक. शब्दावर खूण केली की संगणक सारखी अक्षरं एकत्र करतो आणि पुढे पानांचे आकडे लावतो. 'ह'च्या खाली ओळ आली : हरताळ, ४१, ४२, २०३. वाचली. काना-मात्रा ठीक होते. पुढे गेले.

दोन दिवसांनी लेखकांचा फोन आला. वयाने मोठे आहेत, आयुष्यभर शिकवलंय, म्हणून सगळे त्यांना सरच म्हणतात.

"ताई, एक शंका होती. १९१९ साली लोकांनी पोथ्यांना रंग फासला होता का हो?"

मला काही उमगेना.

"नाही, सूचीत तसं दिसतंय म्हणून विचारलं. पान ४१ वरचा हरताळ पोथीवर फासायचा आहे. २०३ वरचा रौलट कायद्याविरुद्धचा. तुम्ही दोघांना एकाच खोलीत कोंडलंत."

ते हसत होते. मी हसले नाही. एकवीस वर्षं शब्दांकडे डोळे फोडून बघितल्यावर हे व्हावं! आणि झालं ते नेमकं डोळ्यांमुळेच.

पोथीतला हरताळ म्हणजे संस्कृतातला हरिताल, गंधक आणि अर्सेनिक यांचं पिवळंजर्द खनिज. नकलकाराच्या हातून अक्षर चुकलं की तो हरताळाची पूड कालवून त्या अक्षरावर फासायचा आणि वाळल्यावर वरून बरोबर अक्षर लिहायचा. जुन्या पोथ्यांच्या ओळींत मध्येच पिवळे ठिपके दिसतात ते हेच. एखाद्याने नियमांना हरताळ फासला असं आपण म्हणतो तेव्हा नियम मोडला एवढंच म्हणत नाही. तो मुळी लिहिलेलाच नव्हता असं करून टाकलं, असं म्हणतो. माझ्या खणात पांढऱ्या रंगाची एक चिमुकली बाटली असते, झाकणाला ब्रश असलेली. तिला मी इतकी वर्षं व्हाइटनर म्हणत आले. तो माझा हरताळ आहे हे सरांच्या फोनपर्यंत मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या हरताळाचा पिवळ्या रंगाशी काडीचा संबंध नाही. संस्कृतात हट्ट म्हणजे बाजार, त्याचा झाला हाट. हाटाला ताळं, म्हणजे टाळं, ठोकलं की हडताळ. गुजरातीत आणि हिंदीत 'ड' टिकला, आपण त्याचा 'र' केला आणि तो जाऊन बसला नेमका त्या खनिजाच्या शेजारी. रौलट कायद्याविरुद्धचा देशव्यापी हरताळ ६ एप्रिल १९१९ चा. गांधीजींनी आधी ३० मार्च ठरवला होता, मग पुढे ढकलला. पण बदललेल्या तारखेचा निरोप वेळेत न पोचल्याने दिल्लीत तो ३० मार्चलाच पाळला गेला. दुरुस्ती उशिरा पोचली की काय होतं, हे आमच्या धंद्यातल्या कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणजे एक अक्षरावरचा, एक दारावरचा. दोन्हींनी काहीतरी बंद पडतं, म्हणून नातं जुळवायचा मोह फार होतो. 'कामावर हरताळ फासायचा म्हणून तो हरताळ' असं मला एकाने अगदी ठासून सांगितलं होतं. ऐकायला झकास वाटतं. बहुतेक खोट्या व्युत्पत्त्या ऐकायला झकासच वाटतात, तीच त्यांची खूण. (जाता जाता : संप हा शब्दही असाच फसवा. गुजरातीत संप म्हणजे एकोपा. आपल्याकडे आधी तोच अर्थ होता, मग एकोपा करून काम थांबवणं हा उरला.)

त्या फोननंतर मी सूची मिटून ठेवली आणि एक जुनी वही काढली. सूचीतल्या प्रत्येक शब्दाला विचारायचं ठरवलं : तू एकटा आहेस, की तुझ्या कातडीत आणखी कुणी बसलंय?

मराठीत याची एक घरगुती परीक्षा आहे. शब्दाला 'ला' लावून बघायचा. वात. वाताला म्हटलं तर तो वारा किंवा त्रिदोषांतला एक. वातीला म्हटलं तर ती दिव्यातली. वाताने वात विझते, पण दोघांची एकमेकांशी ओळख नाही. वारा संस्कृतातही वातच होता, आणि दिव्यातली वात म्हणजे मूळची वर्ति. वर्तीतला 'र' गेला, शेवटची इ गेली, उरली नुसती वात. पण 'ला' लावला की ती गेलेली इ परत येते, वातीला. माळेचं तसंच. मोकळ्या रानाचा माळ, माळाला. फुलांची माळ, माळेला. तो एकार म्हणजे मालेतल्या शेवटच्या आ-चं मागे राहिलेलं पाऊल. अग्नीची आग झाली, पण आगीला. जिव्हेची जीभ झाली, पण जिभेला. सामान्यरूप शाळेत आपण कंटाळत घोकलेलं असतं. ते शब्दाच्या जन्माचा दाखला जपून ठेवतं, हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी इतकी कंटाळले नसते.

मान या शब्दावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. खांद्यावरची मान, मानेला, ही संस्कृतातली मन्या. आदर या अर्थाचा मान, मानाला, हा मन् धातूचा. त्याचा अर्थ विचार करणं, मानणं. आणि तापमान, परिमाण, मानदंड यांतला मान निराळाच, मोजण्याच्या मा धातूपासूनचा. तीन घरं, तीन दारं. ताठ मानेने जगणारा माणूस मान मिळवतो, म्हणून पहिल्या दोघांना भाऊ समजायला आपण एका पायावर तयार असतो.

पाठ त्याहून गमतीचा. पुस्तकातला पाठ पठ् धातूचा, वाचण्याचा. शरीराची पाठ ही पृष्ठ. आणि हे पृष्ठ मूळ रूपातही मराठीत आहेच, पुस्तकाचं पान म्हणून. म्हणजे पाठ ज्या पृष्ठावर छापलेला असतो ते पृष्ठ पाठीचं सख्खं आहे, पाठाचं कुणीही नाही. छापखान्यात कागद दोन्ही बाजूंनी छापायला सांगताना आम्ही पाठपोट छापा म्हणतो. कागदाला पाठ आणि पोट देणारा तो शब्द मी रोज वापरते, आणि पृष्ठ म्हणजेच पाठ हे मला वहीत लिहीपर्यंत सुचलं नव्हतं.

पण 'ला'ची परीक्षा सगळीकडे पुरत नाही. रामायणातच बघा. हरण दिसलं, हरणामागे राम गेला, आणि मागे सीतेचं हरण झालं. दोन्ही नपुंसकलिंगी, दोघांनाही हरणाला, हरणाचं. कान आणि डोळा दोघेही हात टेकतात. प्राणी आहे हरिण, हरि म्हणजे पिवळट रंगाचा. पळवून नेणं आहे हृ धातूचं. आणि गंमत अशी की या पिवळट हरिणाचा नातलग पुन्हा आमचा हरिताल निघतो. हरिद्रा, म्हणजे हळद, तीही त्याच रंगाच्या घरातली. म्हणजे हरताळ आणि हरताळ परके, हरण आणि हरण परके, पण हरताळ आणि हरण मात्र लांबचे भाऊ. ही ओळ लिहून मी वही मिटली आणि दिवा घालवला. आणखी काही त्या रात्री झेपलं नसतं.

काही जोड्या मुळात दिसायला सारख्या नव्हत्या, आपणच त्या तशा करून टाकल्या. माझ्याकडे जुनी पुस्तकं बरीच आहेत. त्यांत 'नांव' असतं, डोक्यावर अनुस्वार घेऊन. नामन्-मधल्या म-चा तो उरलेला ठिपका. पाण्यातली नाव, म्हणजे संस्कृतातली नौ, बिनठिपक्याची. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने मान्य केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्या दिवसापासून नांव नावेत बसलं. मी या सुधारणेच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते. ज्यांनी ते ठिपके तपासण्यात आयुष्य घालवलं असेल त्यांच्या डोळ्यांचा विचार करा. पण एक खरं, तो ठिपका एका शब्दाचा कुळवृत्तांत होता. 'घरांत' म्हटलं की पूर्वी एका घराच्या आत, आता अनेक घरांच्या आत. जुन्या पुस्तकाचं पुनर्मुद्रण तपासताना हे डोक्यात ठेवावं लागतं, नाहीतर एका बिऱ्हाडाची चाळ होते.

तीच गत 'पूर'ची. नदीला येतो तो पूर, भरण्याच्या अर्थाचा, पूर्ण-च्या घरातला. गावाच्या नावाला चिकटतं ते पुर, तटबंदीचं ठाणं. ग्रीकांचं पोलिस, म्हणजे नगर, याच पुराचं भावंड मानतात. पण गावाच्या नावात पू दीर्घ लिहायचा असा नियमच आहे, त्यामुळे लेखनात गाव आणि पूर एक झाले. पुराच्या बातम्या तपासताना ही एकी मला जरा भेसूर वाटते.

'जरा' म्हटल्यावर आठवलं. वरच्या वाक्यातला जरा म्हणजे अरबी जर्रा, धुळीचा कण. म्हातारपण म्हणजे जरा, ते संस्कृत. लिहायला एकच, पण मराठी जीभ दोघांना वेगळं ठेवते. कणाचा ज दातांशी, म्हातारपणाचा ज टाळूशी. 'चार' या अंकाचा च आणि 'गुरांना चार' मधला च असेच निराळे. देवनागरीत दोघांना एकच घर दिलंय. आपण मराठी लोक वाचताना संदर्भावरून पटकन ओळखतो, इतकं पटकन की आपण काही ओळखलं हेच कळत नाही. मराठी शिकणाऱ्या परभाषकाला विचारा, तो रडेल.

उलट 'दिन' आणि 'दीन' लेखनात वेगळे आणि बोलण्यात एक. दिवसाचा दि ऱ्हस्व, गरिबीचा दी दीर्घ. बोलताना दोन्ही लांबतात. म्हणून दर वर्षी ८ मार्चच्या आसपास माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात कुठेतरी 'जागतिक महिला दीन' हमखास सापडतो. पहिल्यांदा हसू आलं होतं. आता न हसता वेलांटी बदलते. अशीच आणखी एक जोडी शीर आणि शिर. 'शीर कापली गेली' आणि 'शिर कापलं गेलं'. एका वेलांटीवर रोगी वाचतो की जातो ते ठरतं.

पण दीन इथे थांबत नाही. तिसरा दीन आहे अरबीतून आलेला, धर्म या अर्थाचा, अकबराच्या दीन-ए-इलाहीतला. अरबीत दीन म्हणजे न्यायनिवाडाही. तो अर्थ सेमिटिक भाषांचा घरचा, हिब्रूतही आहे. धर्म हा अर्थ मात्र इराणी भाषांतून आला असं अभ्यासक मानतात. मध्य फारसीत देन, त्याआधी अवेस्तात दएना, म्हणजे दृष्टी, अंतर्ज्ञान. आणि त्या दएनाचा धातू आपल्या धी आणि ध्यान यांचा नातलग. म्हणजे अरबीत दोन सारखे दिसणारे शब्द एकमेकांत मुरून एक झाले, तो एक झालेला शब्द आपल्याकडे आला आणि आधीच्या दोन दिनदीनांच्या रांगेत उभा राहिला. रांगेतला त्याचा खरा नातेवाईक ध्यान. तो दिसायला अजिबात तसा नाही. आणि दिवसाच्या दिनाचं सांगायचं तर त्याचा चुलतभाऊ लॅटिनमधला दिएस. इंग्रजीतला डे त्या दिएसचा कुणीही नाही, तोंडावळा मिळतो तेवढाच.

हे वाचून मला पहिल्यांदा चीड आली होती, खरं सांगते. म्हटलं, मग डोळ्यांचा उपयोग काय?

बाग आणि भाग घ्या. बाग फारसी, भाग संस्कृत, एक फुलांचा, एक हिशेबाचा. कुणी त्यांना नातेवाईक म्हटलं असतं तर मी समासात लाल प्रश्नचिन्ह टाकलं असतं. (समास म्हणजे इथे पानाची कड. व्याकरणातला समास नाही. मला या धंद्यात राहायचं असेल तर हे कंस घालतच राहावं लागणार असं दिसतंय.) पण फारसी बाग म्हणजे मुळात वाट्याला आलेला जमिनीचा तुकडा, आणि तो शब्द आपल्या भागाचा जुळा आहे. त्याच घरातला भग, देणारा देव. म्हणून बगदाद या नावाचा सर्वसाधारणपणे मान्य असलेला अर्थ 'देवाने दिलेलं' आणि महाभारतातल्या प्राग्ज्योतिषाच्या राजाचं नाव भगदत्त. एकाच साच्यातून निघालेली दोन नावं, एक शहराचं, एक हत्तीवर बसून लढणाऱ्या राजाचं.

साल म्हणजे वर्ष, तेही फारसी. प्राचीन फारसीतल्या थर्द या शब्दावरून ते आलं, आणि थर्दचा संस्कृतातला जोडीदार शरद. 'जीवेत शरदः शतम्' म्हणताना आपण शंभर सालंच मागत असतो, सारख्याच शब्दाने. आणि झाडाची साल? तिचा या शरदाशी काही संबंध नाही.

आता उलटं उदाहरण. बदनाम, बदलौकिक यांतला फारसी बद आणि इंग्रजीतला बॅड. उच्चार जवळचा, अर्थ एकच, आणि दोन्ही भाषा मुळात एकाच मोठ्या कुळातल्या. याहून भक्कम पुरावा काय हवा? तरीही ते परके आहेत. निव्वळ योगायोग. दोघांचा मागोवा घेत गेलं की मागे जाताना ते जवळ येण्याऐवजी लांब जातात. भाषाशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण नेहमी देतात. मला ते पटायला आठवडा लागला. पहिले दोन दिवस तर मी मनातल्या मनात भांडतच होते.

निरुक्तकार यास्काने व्युत्पत्ती करणाऱ्यांना एक सल्ला दिलाय. काहीच साम्य सापडत नसेल तर एखाद्या अक्षराच्या, वर्णाच्या साम्यावरूनही व्युत्पत्ती सांगावी, पण 'न त्वेव न निर्ब्रूयात्', सांगितल्यावाचून राहू नये. यास्काबद्दल मला आदर आहे. वेदातले अवघड शब्द सोडवताना त्याला गप्प बसणं परवडण्यासारखं नव्हतं. पण हे वाक्य माझ्या टेबलासमोर लावायला मी धजणार नाही. व्युत्पत्ती सांगितल्यावाचून न राहणारी माणसं मला रोज भेटतात.

त्यांच्यातलीच एक मीही होते. कुलमुखत्यारपत्र या शब्दातलं कुल म्हणजे घराणं असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते, घराण्याचा कारभार सोपवतात म्हणून. कुलगुरू, कुलदैवत, कुलमुखत्यार, काय छान रांग लागते! पण मुखत्यार अरबी आणि त्याच्या मागचं कुल्ल हेही अरबी, म्हणजे सगळं, संपूर्ण. सगळे अधिकार देणारं पत्र. घराण्याचा तिथे पत्ताही नाही. आणि कुलूप? तेही या कुळातलं नाही. अरबी कुफ्ल आपल्या तोंडात येताना त्याची अक्षरं पुढची मागे झाली.

सूचीकडे परत येते, नाहीतर सर पुन्हा फोन करतील. हा सरदेखील पाहा. माझे सर आले इंग्रजीतून. तिथे तो सायर आणि त्यामागे लॅटिनमधला सीनियर, म्हणजे वडीलधारा. सरदार, सरपंच यांतला सर फारसी, डोकं. तो आपल्या शिराचा भाऊ. सरदारातला दार म्हणजे धरणारा, धृ धातूच्या घरचा, त्याचा भिंतीतल्या दाराशी संबंध नाही. ते द्वार. गड सर करणं हे फारसी डोक्यावरून. पावसाची सर निराळी, तिला सरीला म्हणायचं. एवढे सर एका पानावर आले तर सूचीकाराने काय करावं? मी संगणकाची खूण बंद करून हाताने सूची करायला घेतली.

'व'मध्ये वार. हा तर वहीची दोन पानं खाऊन गेला. सोमवार, मंगळवार यांतला वार म्हणजे मूळचा अर्थ पाळी. आज सोमाची पाळी, उद्या मंगळाची, असे ग्रह आळीपाळीने दिवसाचे धनी होतात. म्हणून वारंवार म्हणजे पाळीपाळीने, पुन्हापुन्हा. तलवारीचा वार आहे. कापड मोजायचा वार आहे, तीन फुटांचा. पोर्तुगीजांचं व्हारा नावाचं लांबीचं माप होतं आणि आपला वार त्यावरून आल्याचं मानतात. बाळंतपणातली वार आहे, ती स्त्रीलिंगी, म्हणून ती निदान वारेला म्हटल्यावर ओळखू येते. शिवाय तपशीलवार आणि उमेदवार यांतलं फारसी शेपूट. 'मंगळवारी उमेदवारावर वार' असा मथळा माझ्याकडे आला तर मी तो बदलणार नाही. चौदा अक्षरांत तीन अनोळखी वार एकत्र बसवणं सोपं नाही.

आणि कळ. यावर माझा खास राग आहे, कारण एका सजावटकाराने 'कळीचे मुद्दे' या प्रकरणाच्या मथळ्याभोवती मोगऱ्याच्या कळ्या काढल्या होत्या. सुरेख काढल्या होत्या, वाईट एवढंच वाटलं. कळीच्या मुद्द्यातली कळ ही यंत्राची. दाबली की सगळं चालू होतं ती. फुलाची कळी म्हणजे कलिका. कळीचा नारद यातली कळ तिसरीच, भांडणाची, कलीची. हा कली मूळचा फाशांच्या खेळातला. कृत, त्रेता, द्वापर, कली ही दानांची नावं, कली म्हणजे हरण्याचं दान. तीच नावं पुढे युगांना मिळाली. हरलेल्या दानावरून भांडण व्हायचंच, म्हणून कली म्हणजे कलह. मोगरा नारदाभोवती काढला असता तर एक वेळ मी विनोद म्हणून चालवून घेतला असता. (आणि आता वर लिहिलेलं 'हरण्याचं' हे हरिणाचं नाही. कंस चालूच.)

सजावटकाराला फोन करून मी हे सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "बरोबर आहे ताई, पण वाचकाला फूलच आठवणार ना?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शब्द बोलणाऱ्याला त्याचं मूळ माहीत नसतं आणि तरी तो नीट बोलतो. लोकांनी पुरेशी वर्षं कळीच्या मुद्द्यात फूल पाहिलं, तर कोशकाराला एक दिवस ते नोंदवावं लागेल. अरबीतल्या दोन दीनांचं तसंच तर झालं. पण ती वेळ अजून आलेली नाही, आणि कळ्या आम्ही काढून टाकल्या.

सरांच्या पुस्तकाची सूची आता अशी आहे : हरताळ (खनिज), ४१, ४२. त्याखाली हरताळ (बंद), २०३. छापील मुद्रितातली जुनी ओळ मी बाटली काढून पांढरी केली आणि सुकेपर्यंत तिच्याकडे बघत बसले. सरांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "छान. पण 'बंद' म्हणजे गाठोड्याचा बंद की काय असं कुणी विचारलं तर?"

मी फोन ठेवला. 'म'पर्यंत आलेय. १८८ व्या पानावर कुणीतरी कुणापुढे मान तुकवतोय, आणि त्याच वाक्यात पुढे दरबारातला मान आहे. दोन नोंदी करायच्या की एक, ते बघायला अख्खं प्रकरण पुन्हा वाचावं लागणार.